विश्लेषण : अमेरिकेत निवडतात उपाध्यक्षपदाचा उमेदवार, की पुढचा अध्यक्ष?

१३ जुलै २०२४. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर येथील सभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. गोळी कानाला चाटून गेली आणि ते वाचले. त्या क्षणापर्यंत त्यांनी आपला उपाध्यक्षपदाचा उमेदवार जाहीर केलेला नव्हता. दोनच दिवसांनी, मिलवॉकीत रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन सुरू होत असताना, त्यांनी समाजमाध्यमावर एक पोस्ट टाकली. जे. डी. व्हान्स हे नाव जाहीर झाले. व्हान्स तेव्हा ३९ वर्षांचे होते आणि सिनेटमध्ये येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झाले होते.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ७८ व्या वर्षी शपथ घेतली. अध्यक्षपदाची शपथ घेणारे ते आजवरचे सर्वांत वयस्कर. त्यांना काही झाले तर जगातील सर्वांत बलाढ्य लष्कराची सूत्रे ज्याच्या हाती जातील, त्या माणसाची निवड एका व्यक्तीने केली आणि एका पोस्टने कळवली. मतदारांपुढे फक्त जोडी आली. घ्या, नाहीतर सोडा.

यात बेकायदा काही नाही, प्रथाच तशी आहे. पण दर चार वर्षांनी ‘रनिंग मेट’च्या बातम्या करताना आपण (यात मीही आलो) प्रश्नच चुकीचा विचारतो, असे मला वाटते. ‘कोणता उमेदवार कोणते राज्य जिंकून देईल?’ हा तो प्रश्न.

मुळात दुसरा आलेला उपाध्यक्ष होत असे

‘रनिंग मेट’ हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. एकाच तबेल्यातल्या दुसऱ्या घोड्याला वेग मिळावा म्हणून सोबत पळवलेला घोडा, म्हणजे रनिंग मेट. राजकारणात तो नंतर आला.

सुरुवातीला तर जोडी नव्हतीच. राज्यघटनेनुसार प्रत्येक निर्वाचक दोन मते देई. सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष आणि दुसरा आलेला उपाध्यक्ष. १७९६ मध्ये त्यामुळे जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष! १८०० मध्ये याहून मोठा गोंधळ झाला. जेफरसन आणि त्यांचेच सहकारी अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. कोण अध्यक्ष आणि कोण उपाध्यक्ष हे मतपत्रिकेवर वेगळे लिहिण्याची सोयच नव्हती. प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे जेफरसन निवडून आले. मग १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मत सुरू झाले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ‘पॅच’ म्हणतो. एक दोष बुजला, दुसरा शिल्लक राहिला.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे हा उमेदवार प्रामुख्याने पक्षाचे पुढारी अधिवेशनात ठरवत. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने स्वतःची पसंती पक्षाच्या गळी उतरवण्याची सुरुवात खऱ्या अर्थाने १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी केली. हेन्री वॉलेस हवेत, नाहीतर मीच उमेदवारी घेत नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला होता. हळूहळू तोच नियम झाला. आज पक्षाच्या अधिवेशनातील प्रतिनिधी या नावावर फक्त शिक्का मारतात.

राज्य जिंकून देतो, हे कितपत खरे?

६ ऑगस्ट २०२४ ची संध्याकाळ आठवते. कमला हॅरिस कोणाला निवडणार याची वाट पाहत आमच्या डेस्कवर पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांची कॉपी जवळपास तयार होती. पेनसिल्व्हेनियाची १९ इलेक्टोरल मते, शापिरो तिथे लोकप्रिय, मग दुसरे कोण असणार? नाव आले मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचे. कॉपी पुसून नवी लिहावी लागली.

नोव्हेंबरमध्ये हॅरिस पेनसिल्व्हेनिया हरल्या आणि ‘शापिरो असते तर’ ही चर्चा सुरू झाली. आता साधी बेरीज करा. हॅरिस यांना २२६ मते मिळाली. त्यात १९ मिळवली तर २४५ होतात. बहुमताला २७० लागतात. सातही अटीतटीची राज्ये ट्रम्प यांनी जिंकली होती, त्यामुळे एका गव्हर्नरने एक राज्य आणून दिले असते तरी निकाल बदलला नसता.

या समजाचे मूळ १९६० मध्ये आहे. जॉन केनेडी यांनी टेक्ससचे लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले आणि टेक्सस सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले. तेव्हापासून ही गोष्ट प्रत्येक निवडणुकीत सांगितली जाते. पण केनेडी यांची एकूण इलेक्टोरल मते ३०३ होती आणि टेक्ससची २४. ती वजा केली तरी २७९ उरतात. तेव्हा बहुमताला २६९ पुरेशी होती. जॉन्सन यांचा दक्षिणेतील इतर राज्यांत उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. पण ‘जॉन्सन यांनी टेक्सस दिले म्हणून केनेडी अध्यक्ष झाले’ हे गणित जुळत नाही.

याच्या उलट उदाहरण मला जास्त बोलके वाटते, ते १९८८ चे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मायकेल डुकाकिस यांनी टेक्ससचेच सिनेटर लॉइड बेंट्सन यांना निवडले. टेक्ससच्या कायद्यामुळे बेंट्सन यांना त्याच दिवशी सिनेटची निवडणूकही लढवता आली. हा कायदा जॉन्सन यांच्या सोयीसाठीच आधी बदलला गेला होता, हे ओघाने आले. निकाल काय लागला? सिनेटसाठी बेंट्सन यांना टेक्ससमध्ये सुमारे ५९ टक्के मते मिळाली. त्याच मतदारांनी, त्याच दिवशी डुकाकिस-बेंट्सन जोडीला मात्र सुमारे ४३ टक्के मते दिली. समोर जॉर्ज बुश हेही टेक्ससचेच होते, हे खरे. तरीही माणूस आवडतो म्हणून त्याच्या वरच्या नावाला मत पडत नाही, एवढे यातून स्पष्ट होते. पुढे २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांना आपले नॉर्थ कॅरोलायना आणि २०१२ मध्ये पॉल रायन यांना आपले विस्कॉन्सिन जिंकून देता आले नाही.

क्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कॉप्को या दोन राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या विषयावर सविस्तर काम केले आहे. त्यांचा निष्कर्ष असा की, गृहराज्याचा फायदा जवळजवळ नगण्य असतो. परिणाम होतो तो वेगळ्या वाटेने. उपाध्यक्षपदासाठी कोणाला निवडले, यावरून मतदार अध्यक्षपदाच्या उमेदवाराची विवेकबुद्धी जोखतात.

ट्रुमन यांचे ८२ दिवस

मग उपाध्यक्ष महत्त्वाचा कशासाठी? आतापर्यंत नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले आहेत. आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, एक राजीनाम्यामुळे. त्यातले सर्वांत गंभीर प्रकरण १९४४-४५ चे.

रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहात होते. दुसरे महायुद्ध सुरू होते. त्यांची तब्येत ढासळली आहे, हे जवळच्या पुढाऱ्यांना दिसत होते, सामान्य मतदारांना नाही. त्या पुढाऱ्यांना विद्यमान उपाध्यक्ष वॉलेस नको होते, कारण ते त्यांच्या दृष्टीने फारच डावीकडे झुकलेले होते. दुसरे एक नाव, जेम्स बर्न्स यांचे, कामगार संघटनांना चालणारे नव्हते. उरले मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन. कोणाचाच फार विरोध नसलेला माणूस. आपल्याकडच्या जागावाटपात असा ‘सर्वमान्य’ उमेदवार कसा निघतो, हे वेगळे सांगायला नको.

शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत वॉलेसच पुढे होते. दुसऱ्या फेरीत पुढाऱ्यांनी मते फिरवली आणि ट्रुमन यांचे नाव ठरले.

२० जानेवारी १९४५ रोजी ट्रुमन उपाध्यक्ष झाले. १२ एप्रिलला रूझवेल्ट गेले. मध्ये ८२ दिवस. या काळात रूझवेल्ट यांनी ट्रुमन यांना युद्धाच्या मोठ्या निर्णयांत घेतले नव्हते. अणुबॉम्ब प्रकल्पाबद्दल युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी नव्या अध्यक्षांच्या कानावर घातले ते शपथविधीनंतर त्याच संध्याकाळी, तेही ओझरते. सविस्तर माहिती मिळाली २५ एप्रिलला. ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला.

हे वाचताना इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून मला बॅकअप सर्व्हर आठवतो. तो बसवलेला असतो, त्याचे बिल भरलेले असते, ऑडिटच्या कागदावर टिक असते. पण मुख्य सर्व्हर बंद पडून तो खरोखर चालू होतो का, हे कोणी तपासलेले नसते. त्यात आवश्यक डेटाही नसतो. ट्रुमन नंतर चांगले अध्यक्ष ठरले, असे अनेक इतिहासकार मानतात. ते त्यांचे कर्तृत्व, निवडपद्धतीचे नव्हे. वॉलेस यांनी पुढे १९४८ मध्ये ट्रुमन यांच्या सोव्हिएतविरोधी धोरणाला विरोध करत वेगळ्या पक्षातून निवडणूक लढवली. म्हणजे शिकागोतील त्या दुसऱ्या फेरीने शीतयुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेचा अध्यक्ष कोण असेल, हे ठरवले होते. मतदारांना त्याचा पत्ताही नव्हता.

एका दुपारी ठरलेले नाव

पद्धतीतला दुसरा दोष घाईचा. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांची उमेदवारी अधिवेशनापर्यंत लढून पक्की झाली. जोडीदार शोधायला वेळच उरला नाही. काही जणांनी नकार दिला आणि शेवटी मिसुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन गेला. ते हो म्हणाले. काही दिवसांतच बातमी फुटली की, नैराश्यामुळे ईगलटन तीन वेळा रुग्णालयात दाखल झाले होते आणि त्यांना विजेच्या झटक्यांचे उपचारही दिले गेले होते. मॅकगव्हर्न यांनी आधी हजार टक्के पाठिंबा जाहीर केला आणि मग त्यांना बाजूला व्हायला लावले. उमेदवारी टिकली १८ दिवस. नोव्हेंबरमध्ये मॅकगव्हर्न यांनी फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन जिंकले.

गंमत पुढेच आहे, आणि ती फारशी हसण्यासारखी नाही. त्याच निवडणुकीत प्रचंड बहुमताने निवडून आलेले उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्यावर लाच घेतल्याचे आरोप झाले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये, करचुकवेगिरीच्या आरोपाला आव्हान न देता, त्यांना राजीनामा द्यावा लागला. ईगलटन मात्र १९८७ पर्यंत सिनेटमध्ये काम करत राहिले. उपचार घेतलेला माणूस नाकारला गेला आणि भ्रष्टाचाराचे आरोप झालेला निवडून आला. ईगलटन यांचा आजार हा दोष नव्हता, असे माझे मत. दोष होता तो फोनवर ठरवण्याच्या घाईत आणि विचारल्याशिवाय न सांगण्याच्या भीतीत.

या धड्यानंतर १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी इच्छुकांना स्वतंत्रपणे बोलावून मुलाखती घेतल्या, वॉल्टर माँडेल यांना निवडले आणि निवडून आल्यावर त्यांना व्हाइट हाऊसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय दिले. उपाध्यक्षाला खरे काम मिळू लागले ते तेव्हापासून. तपासणीही कडक झाली. करविवरणपत्रे, वैद्यकीय नोंदी, जुनी भाषणे, आता समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, सगळे वकिलांच्या चमूसमोर ठेवावे लागते. तरीही २००० मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी शोधाचे काम डिक चेनी यांच्याकडे सोपवले आणि अखेर उमेदवार म्हणून निवडले ते चेनी यांनाच! इतरांची तपासणी करणाऱ्याची तपासणी कोणी केली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

२००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले, त्या दिवशी मॅकेन ७२ वर्षांचे झाले. त्वचेच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास होता. पेलिन यांना गव्हर्नरपदाची दोन वर्षेही झाली नव्हती आणि त्यांची तपासणी काही दिवसांत उरकली होती. सभांना गर्दी झाली, मुलाखतींत मात्र परराष्ट्र धोरणावर त्या अडखळल्या. मॅकेन यांना मनातून जो लिबरमन हवे होते. त्यांना न निवडल्याची खंत त्यांनी २०१८ मध्ये आपल्या आत्मकथनात व्यक्त केली.

एकाच व्यक्तीने का ठरवायचे?

इथे एक विसंगती आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार उपाध्यक्षपद मुदतीत रिकामे झाले तर अध्यक्षाने नाव सुचवायचे आणि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी बहुमताने मंजूर करायचे. अ‍ॅग्न्यू गेल्यावर जेराल्ड फोर्ड असे आले. निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर ९ ऑगस्ट १९७४ रोजी फोर्ड अध्यक्ष झाले. त्यांनी नेल्सन रॉकफेलर यांचे नाव सुचवले आणि काँग्रेसने त्यांच्या संपत्तीसह सगळ्याची सुमारे चार महिने छाननी केली. त्यानंतर दोन वर्षे अमेरिकेचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष हे दोघेही देशभरातल्या मतदानाशिवाय आलेले होते.

तरी त्या दोघांची उघड चौकशी झाली होती. निवडणुकीआधी जो उमेदवार निवडला जातो त्याची अशी कोणतीही उघड चौकशी होत नाही. वकिलांचा अहवाल फक्त एका माणसाच्या टेबलावर जातो.

यावर नेहमीचे उत्तर असे : मतदार जोडीला मत देतात, तीच मंजुरी. मला ते पटत नाही. जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत मिळतात तीन-साडेतीन महिने आणि त्यात एखादी दूरचित्रवाणी चर्चा. शिवाय मतदाराला दोन्ही नावांना वेगवेगळे मत देता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अध्यक्षाला ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असाच जोडीदार हवा, नाहीतर १७९६ सारखे दोघे एकमेकांच्या विरोधात उभे राहतील. मान्य. पण निवड अध्यक्षपदाच्या उमेदवाराकडेच ठेवूनही दोन गोष्टी करता येतील. नाव अधिवेशनाच्या तोंडावर नव्हे, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका चालू असतानाच जाहीर करावे, म्हणजे पक्षाच्या मतदारांना ते पाहून मत देता येईल. आणि अधिवेशनात प्रतिनिधींनी प्रत्यक्ष प्रश्न विचारावेत, नुसत्या टाळ्या वाजवू नयेत. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, पक्षांनी ठरवले तर पुरते. उमेदवारांना हे आवडणार नाही, कारण अधिवेशनाआधीचा तो सगळा सस्पेन्स फुकटची प्रसिद्धी देतो. आम्हा डिजिटल डेस्कवाल्यांनाही क्लिक देतो, हे कबूल करायला हवे.

या निवडीची सावली किती लांब पडते, हे २०२४ ने दाखवले. ऑगस्ट २०२० मध्ये जो बायडेन यांनी हॅरिस यांना निवडले. २१ जुलै २०२४ रोजी बायडेन यांनी माघार घेतली, तेव्हा प्राथमिक निवडणुका संपल्या होत्या आणि पक्षापुढे व्यवहार्य नाव एकच उरले होते. हॅरिस चांगल्या होत्या की वाईट, हा मुद्दा वेगळा. कोट्यवधी मतदारांच्या पक्षाचा उमेदवार चार वर्षांपूर्वी एका माणसाने ठरवून ठेवला होता, हा माझा मुद्दा आहे.

माइक पेन्स यांची गोष्टही तशीच. २०१६ मध्ये त्यांना घेतले ते धार्मिक ख्रिस्ती मतदारांना दिलासा म्हणून. त्यांची परीक्षा झाली ६ जानेवारी २०२१ रोजी, इलेक्टोरल मतांच्या मोजणीवेळी. निकाल रोखण्यासाठी ट्रम्प यांचा दबाव होता, बाहेर जमाव होता, तरी त्यांनी मोजणी पूर्ण केली. उपाध्यक्षाची ही भूमिका केवळ औपचारिक आहे, हे कायद्यात स्पष्ट व्हायला २०२२ साल उजाडले.

भारताशी तुलना आणि एक मराठी नाव

आपल्याकडे राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती जोडीने लढत नाहीत. उपराष्ट्रपतींना फक्त खासदार निवडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन असेच निवडून आले. राष्ट्रपतींचे निधन झाले तर उपराष्ट्रपती फक्त काळजीवाहू असतात आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते. अमेरिकेत मात्र उरलेली पूर्ण मुदत उपाध्यक्षाची. आपल्याला उपमुख्यमंत्रिपदाची सवय आहे, म्हणून आपण ‘उप’ शब्द वाचून सोडून देतो. पण ते पद घटनेत नाही आणि मुख्यमंत्री गेले म्हणून उपमुख्यमंत्री आपोआप मुख्यमंत्री होत नाहीत.

आता वाचक हमखास विचारतात तो प्रश्न : बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे मिशिगनचे काँग्रेस सदस्य श्री ठाणेदार उपाध्यक्ष होऊ शकतात का? नाही. अध्यक्ष होण्यासाठी जन्माने अमेरिकी नागरिक असावे लागते आणि बाराव्या घटनादुरुस्तीनुसार जो अध्यक्ष होण्यास अपात्र, तो उपाध्यक्ष होण्यासही अपात्र. हॅरिस यांचा जन्म ऑकलंडचा, म्हणून त्या पात्र होत्या. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात जन्मलेली तुमची भाची मात्र ३५ वर्षांची झाल्यावर, १४ वर्षे तिथे वास्तव्य असेल तर, पात्र असेल.

याच वाक्यावरून सध्या आणखी एक वाद आहे. दोन वेळा निवडून आलेले ट्रम्प २०२८ मध्ये उपाध्यक्ष म्हणून उभे राहून मागच्या दाराने येऊ शकतात का? बाविसावी घटनादुरुस्ती तिसऱ्यांदा ‘निवडून येण्यास’ मनाई करते, पद धारण करण्याबाबत ती थेट बोलत नाही, असा काहींचा युक्तिवाद. बहुतेक घटनातज्ज्ञांना तो मान्य नाही. ट्रम्प यांनी स्वतः ऑक्टोबर २०२५ मध्ये ही वाट धरणार नसल्याचे सांगितले.

पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या डेस्कवर पुन्हा दोन-तीन नावांच्या कॉप्या तयार ठेवल्या जातील. ‘कोणते राज्य मिळणार’ हा उपमथळा मी या वेळी सर्वांत खाली ठेवणार आहे. वर असेल अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे वय.